करवत शुक्रवारी रात्रीच का चालते? (आरे आणि इतर जंगलांच्या निमित्तानं)

काटेसावर

झाडं वाचवायची म्हटली की आपल्याकडे आधी फलक रंगतात, मग मेणबत्त्या निघतात, मग फोटो. कॅलेंडर मात्र कुणी काढून बसत नाही. हा धागा त्या कॅलेंडरबद्दल आहे.

मुंबईत गोरेगावच्या आरेचंच घ्या. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. मेट्रो-३ च्या कारशेडविरुद्धच्या (म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेविरुद्धच्या) याचिका मुंबई उच्च न्यायालयानं त्या दिवशी फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी फोनाफोनीनं पसरली, लोक धावत पिकनिक पॉइंटला पोचले, पण रस्ते बंद झाले, जमावबंदीचं १४४ कलम लागलं, २९ जणांना अटक झाली. शनिवारी पुन्हा उच्च न्यायालयात धाव घेतली, दिलासा मिळाला नाही. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी थेट सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. तेच पत्र याचिका म्हणून धरून सर्वोच्च न्यायालय दसऱ्याच्या सुटीत, सोमवारी ७ तारखेला खास बसलं आणि तोड थांबवली.

आता आकडे बघा. तोडायची परवानगी होती २,१८५ झाडांची (आणखी ४६१ उचलून दुसरीकडे लावायची). प्रत्यक्षात तुटली २,१४१. म्हणजे स्थगिती आली तेव्हा वाचवायला ४४ झाडं शिल्लक होती.

याला योगायोग म्हणावं, तर हैदराबादचं कांचा गच्चीबावली बघा. विद्यापीठाशेजारची ४०० एकरांची हिरवी जागा. मार्च २०२५ च्या शेवटी, उगादी आणि ईदच्या जोडसुट्या गाठून तिथं बुलडोझर घुसले. सर्वोच्च न्यायालयानं ३ एप्रिलला स्वतःहून दखल घेऊन काम थांबवलं, तोवर शंभरेक एकर साफ झाले होते. सुटी, रात्र आणि यंत्रं ही तिन्ही एकत्र दिसली की समजावं, कुणीतरी तारखा बघून बसलंय. मग आपण का बघू नयेत?

आरेत तर तारखा उघड्यावर होत्या. २९ ऑगस्टला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणानं मंजुरी दिली. १३ सप्टेंबरला परवानगीचं पत्र निघालं. परवानगीनंतर १५ दिवस झाडाला हात लावायचा नाही, असा नियम. आंदोलक म्हणत होते, ते १५ दिवस परवानगी संकेतस्थळावर चढली तेव्हापासून मोजा. मेट्रो कंपनीचं म्हणणं, १३ पासून मोजा, म्हणजे २८ सप्टेंबरलाच मुदत संपली, आम्ही फक्त निकालासाठी थांबलो होतो. त्यांचं बरोबर की चूक हा वेगळा मुद्दा. पण २८ नंतर करवत आणि झाड यांच्यामध्ये फक्त एक निकाल उभा होता. 'निकाल विरोधात गेला तर पुढच्या तासाभरात काय करायचं' याची तयारी आधीच हवी होती.

आपापल्या गावचे अनुभव लिहा. तारखांसकट.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली. ४४ चा आकडा वाचून थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत बसलो.

लोकलकर

धागा चांगला, पण मला दुसरी बाजू लिहू द्या. माझी उमेद लोकलच्या दारात लटकून संपली आहे. साडेतेहतीस किलोमीटरची, कफ परेडपासून आरेपर्यंतची ही मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आहे आणि मी रोज त्यात बसतो. गाड्या रात्री कुठं उभ्या करायच्या? आकाशात?

आणि तुमच्या आंदोलनानं शेवटी काय मिळवलं तेही लिहा. नोव्हेंबर २०१९ ला नव्या सरकारनं कारशेडला स्थगिती दिली. २०२० ला कारशेड कांजूरमार्गला न्यायची ठरली. त्या १०२ एकरांच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य भांडले, डिसेंबर २०२० ला उच्च न्यायालयानं तिथलं काम अडवलं. २०२२ ला सरकार बदललं, कारशेड परत आरेत आली. झाडं गेली ती गेलीच, कारशेडही तिथंच झाली, मधली वर्षं वाया गेली आणि खर्च फुगला. भरला कुणी? तुम्ही-आम्हीच.

काटेसावर

लोकलकर, मेट्रो नको असं आरेत तरी बहुतेक कुणी म्हणत नव्हतं. भांडण जागेचं होतं. मीही त्या मेट्रोत बसतो, आणि बसायची लाज वाटत नाही.

पण 'काय मिळवलं' ला उत्तर आहे. त्या गदारोळामुळेच आरेतली आठशे एकरांच्या वर जमीन राखीव वन करायचं ठरलं आणि जून २०२१ ला २८६ हेक्टरांवरची अधिसूचना निघाली. ज्या जागेला 'हे जंगलच नाही, ही दुधाची कॉलनी' असं सरकार न्यायालयात सांगत होतं, तिथली! आरे दूध वसाहत १९४९ ची आहे, झाडं तिथं नंतर उगवली असं समजणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द नाहीत.

शिवाय आज आरेत सर्वोच्च न्यायालयाला विचारल्याशिवाय झाड तोडता येत नाही. २०२५ मध्ये गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यासाठी फिल्म सिटीतली ९५ झाडं तोडायची तर महापालिकेला दिल्लीला जावं लागलं. मिळाली परवानगी, पण मागावी लागली. शुक्रवारी रात्री उरकता आलं नाही.

लोकलकर

मागितलं की मिळतं, हेच मी म्हणतोय. २०२३ ला काय झालं? न्यायालयानं ८४ झाडांसाठी अर्ज करायची मुभा दिली होती, मेट्रो कंपनीनं १७७ ची मागणी लावून धरली. सर्वोच्च न्यायालयानं खडसावलं, १० लाखांचा दंड लावला आणि १७७ तोडायला परवानगीही दिली. का, तर आता काम थांबवलं तर सार्वजनिक प्रकल्प अडकेल. दंड भरला, काम झालं. भागा की हिशेब.

रात्रपाळी

झाडामागे साडेपाच-सहा हजार रुपये पडले. आमच्या सोसायटीत फांदी छाटायचे याहून जास्त घेतात.

बागवान

मी एका महापालिकेच्या उद्यान खात्यात अनेक वर्षं काढून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा टेबलाच्या पलीकडून लिहितो.

काटेसावर, तुमचं कॅलेंडर १५ दिवसांपासून सुरू होतं. खरं कॅलेंडर त्याच्या बरंच आधी, झाडाच्या खोडावर सुरू होतं. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आहे. त्यानुसार वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते आणि झाडावरही चिकटवावी लागते, आणि हरकतीला सात दिवस मिळतात. ते सात दिवस म्हणजे खरी वेळ. पंधरा दिवसांत तुम्ही फक्त न्यायालयात जाऊ शकता, सात दिवसांत तुम्ही फाइलमध्ये जाऊ शकता. फाइलमध्ये जे नाही ते पुढं न्यायालयात सांगणं अवघड जातं.

नोटीस कशी वाचायची सांगतो. खोडावर चुना आणि गेरूच्या पट्ट्या असतात, त्यावर आकडा. तो आकडा आणि यादीतला अनुक्रमांक जुळतो का, हे आधी बघा. बऱ्याचदा जुळत नाही. मग जात. यादीत सरसकट 'सुबाभूळ' नाहीतर 'जंगली' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात जाऊन बघितलं तर उंबर, काकड, आसाणा. 'जंगली' नावाचं झाड कुठल्याही वनस्पतिशास्त्रात नाही, पण आमच्या यादीत शेकड्यांनी सापडेल. मग घेर. छातीच्या उंचीवर शिंप्याची टेप फिरवा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. त्यामुळे यादीत वय कमी दाखवण्यात कुणाचा फायदा आहे ते तुम्हीच बघा. त्याच दुरुस्तीनंतर काही काळ २०० किंवा जास्त झाडं असतील तर प्रकरण राज्याच्या प्राधिकरणाकडे जायचं. म्हणून तेव्हाची यादी १९८ वर थांबलेली दिसली, की शेजारच्या प्लॉटची यादी पण मागून घ्या.

'पुनर्रोपण' या शब्दावर मात्र माझा राग आहे. मोठं झाड हलवायचं तर काही आठवडे आधीपासून मुळांभोवती चर खणून टप्प्याटप्प्यानं मुळं कापायची असतात, म्हणजे आत नवी तंतुमुळं फुटतात. मग मातीचा गोळा गोणपाटात बांधून, क्रेननं पट्टा खोडाला न काचवता उचलायचा. वड, पिंपळ, उंबर बिचारे कुठंही तग धरतात. खोल सोटमूळवाली जंगली झाडं धरत नाहीत. प्रत्यक्षात काय होतं? जेसीबीनं एका दुपारी उपटायचं, फांद्या भुंड्या करायच्या, नव्या खड्ड्यात उभं करायचं आणि काठ्यांचा टेकू द्यायचा. पहिल्या पावसात पालवी येते, तिचा फोटो अहवालात जातो. ती पालवी खोडातल्या साठ्यावर आलेली असते. पुढच्या उन्हाळ्यात झाड मेलेलं असतं, पण अहवाल तेव्हा गेलेला असतो. मेट्रो-३ च्या मार्गावरून आरेत आणून लावलेल्या झाडांतली किती जगली, हे तिथं फिरणाऱ्यांना विचारा.

काटेसावर

बागवानकाका, हा प्रतिसाद नाही, वेगळा धागा आहे. १९८ ची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नसती.

पाड्यावरची

मी आरेतल्या एका पाड्यावर वाढले. नोकरी आता बाहेर, पण आई तिथंच असते. तुम्ही सगळे झाडं मोजताय म्हणून एक गोष्ट लिहिते.

पहिला पाऊस पडला की शेवळं उगवतात. शेवळाची भाजी नुसती केली तर घसा खाजतो. म्हणून त्यात काकडं घालतात, काकड झाडाची आंबट फळं. आई शेवळं ओढ्याच्या अंगानं काढायची आणि काकडं एका ठरलेल्या झाडाची. ते झाड वाटेवरच होतं, फांदी खाली आलेली, मला लहानपणी हात पोचायचा. आता शेवळं येतात अजून. काकडं आई गोरेगाव स्टेशनबाहेर बसणाऱ्या बाईकडून विकत आणते, ती बाई वसईकडून आणते.

तुमच्या यादीत ते झाड 'जंगली' म्हणून असेल, बागवानकाका म्हणतात तसं.

आणि राखीव वन झालं म्हणून सगळे खूश आहेत, मीही आहे. पण आरेत सत्तावीस पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. कारशेडसाठी प्रजापूर पाड्यावरची घरं हलली ती कुणाच्या फलकावर होती? उद्या राखीव वनाचं कुंपण आलं, तर आई सरपणाला कुठून जाणार? वनकायद्याच्या कलम ४ ची अधिसूचना निघाली की हक्कांचे दावे ऐकायचे असतात. त्या दाव्यांनाही तारखा असतात. त्या तारखांना रविवारी सकाळी सायकल घेऊन येणारी मंडळी किती असतील ते बघू. वाघोबा आमचा आहे म्हणून बिबट्याचे टी-शर्ट घालून येता ना, मग याही.

रात्रपाळी

ताई, शेवटची ओळ लागली. मी सायकलवाल्यांतलाच. तारीख निघाली की इथं टाका, येतो.

बांदेकर_बाव्या

आमच्याकडे करवतीक शुक्रवार लागणा नाय, खयचोय वार चलता!

सावंतवाडी-दोडामार्गाबद्दल लिहितो. राधानगरीपासून खाली गोव्याच्या म्हादईपर्यंत वाघ ये-जा करतो तो पट्टा हाच. इथली बरीचशी जंगलं खाजगी मालकीची, सामायिक सातबाऱ्याची. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, अर्धे मुंबईला गिरणगावात गेलेले त्यांचे वारस. दलाल दोघांच्या सह्या घेतो, बाकीच्यांना पत्ताच नाही. डोंगर उघडा होतो आणि रबर नाहीतर अननस लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ सालीच या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये इथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याबाबत निकालही दिला. मधल्या अकरा वर्षांत बंदी असलेल्या रानात रात्री ट्रक भरले जातच होते.

ग्रामीण भागात तुमचा १९७५ चा कायदा नाही, १९६४ चा आहे. आंबा, फणस, खैर, साग, हिरडा अशी ठराविक झाडं तोडायला परवानगी लागते, बाकीच्याला फारसं कुणी विचारत नाही. खोडावर नोटीस नाही, पेपरात जाहिरात नाही. हरकत घेणार कशावर? आमच्याकडचं कॅलेंडर म्हणजे तलाठ्याकडं नवा फेरफार आला का, आणि गावात नवीन जेसीबी कुणाच्या अंगणात उभा आहे. चहाच्या टपरीवर बसणाराक पयला कळता.

मडगावची_माई

बाव्या, डोंगराच्या अलीकडची गोष्ट मी सांगते. गोव्यात मोलेच्या जंगलात एकाच वेळी तीन प्रकल्प आले होते: रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि चारशे केव्हीची वीजवाहिनी. महामार्ग आणि वीजवाहिनीच्या मंजुऱ्या टाळेबंदीच्या काळात सरकल्या. म्हणजे सुटीचं काय घेऊन बसलात, अख्खा देश घरात कोंडलेला असताना!

१ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरला लोक रुळांवर बसले ते मी बघितलंय. बायका, म्हातारे, ढोल, मेणबत्त्या. काटेसावर, मेणबत्त्यांना इतकं हिणवू नका, त्या रात्री उजेडाला त्याच होत्या. पण तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. रुळांवर बसणारे वेगळे आणि कागद लढणारे वेगळे होते, आणि दोघांचं एकमेकांशी रोजचं बोलणं होतं. वनस्पती, फुलपाखरं, मासे यांवर काम करणाऱ्यांनी त्या रानाची माहिती गोळा केली, ती सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढं गेली. एप्रिल २०२१ ला समितीनं दुपदरीकरणाची शिफारस केली नाही. मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या पट्ट्यातल्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळानं दिलेली मान्यता रद्द केली. वीजवाहिनीबद्दल समितीनं काय सांगितलं? नवीन पट्टा कापू नका, आधीच असलेल्या वाहिनीच्या मार्गानं न्या.

हे महत्त्वाचं आहे. 'नको' म्हणणाऱ्यापेक्षा 'इथून न्या' म्हणणाऱ्याचं ऐकलं गेलं.

सरळमार्गी

सगळे विकासविरोधी एका धाग्यावर जमलेत. घरी लाकडी फर्निचर आहे ना सगळ्यांच्या?

लोकलकर

सरळमार्गी, मी विकासवाला आहे आणि मला तुमचा प्रतिसाद निरर्थक वाटला. माई म्हणतात ते मला पटतं. आरेतही पर्यायी जागांचा अभ्यास झाला होता, समितीत मतभेदही झाले. तो नकाशा सामान्य प्रवाशापर्यंत पोचवला असता तर आमच्यासारखे किती तरी लोक तुमच्या बाजूला आले असते. आम्हाला दिसले ते फक्त झाडाला मिठ्या मारणारे तारे-तारका.

काटेसावर

हे मान्य. ताऱ्यांना कॅमेरा गाठतो, नकाशाला गाठत नाही.

नवशिकी

एक प्रश्न, कुणी हसू नका. आमच्या पुण्यातल्या टेकडीच्या पायथ्याला रस्तारुंदीकरणाच्या नोटिसा लागल्या आहेत. हरकत मराठीत लिहिली तर चालते का? वकील लागतो का? आणि आमच्या ग्रुपवर एक तयार मजकूर फिरतोय, तोच सगळ्यांनी पाठवायचा का?

बागवान

मराठीत चालते, उलट बरी. वकील लागत नाही. तयार मजकूर मात्र पाठवू नका. आरेच्या वेळी हजारोंनी हरकती गेल्या होत्या. आमच्याकडे एकाच मजकुराच्या हरकतींचा एकच गठ्ठा व्हायचा आणि त्याला एकच उत्तर जायचं: 'नोंद घेण्यात आली'. एका माणसानं एक झाड घ्यावं. 'अनुक्रमांक अमुक, यादीत जात तमुक, प्रत्यक्षात ही, घेर एवढा, रस्त्याच्या आखणीपासून एवढं आत, आखणी एवढी सरकवली तर झाड वाचतं, सुनावणीची मागणी करतो.' एवढंच. अशा चाळीस हरकतींना चाळीस उत्तरं लिहावी लागतात. ती लिहायला आमच्याकडे कुणाला वेळ नसतो, त्यामुळे अशी फाइल पुढं सरकायला वेळ लागतो. मी टेबलापलीकडे होतो म्हणून सांगतो.

पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ई-मेल केलं तरी हातानंही द्या.

नवशिकी

आज संध्याकाळी चौघं मिळून जाऊन आलो. आमच्या एका काकूंनी ब्लाउजच्या मापाची टेप आणली होती. यादीत ६१ झाडं आहेत, आम्हाला पट्टे मारलेली ६८ सापडली. यादीतलं २३ नंबरचं 'गुलमोहर' चक्क पांगारा निघालं. ३७ नंबरच्या झाडावर नोटीसच नाही, फक्त खिळा आहे. फोटो टाकते. नोटीस सोमवारची आहे, म्हणजे पुढचा सोमवार शेवटचा ना?

बागवान

वर्तमानपत्रात कुठल्या तारखेला छापली तीही बघा, दोन्हीतली जी आधीची ती धरून चाला. रविवार मध्ये येतोय, त्यामुळे शुक्रवारीच देऊन मोकळे व्हा. जास्तीच्या सात झाडांची वेगळी हरकत करा, त्यात खोडावरचे आकडे लिहा. आणि ३७ चा फोटो पुन्हा काढा, खिळ्याबरोबर बुंधा आणि मागचा रस्ता दिसेल असा. यातून ते झाड कुठलं हे कळत नाहीये.

पाड्यावरची

पांगाऱ्यावर पट्टा मारणाऱ्याला फुलांच्या दिवसांत तिथं घेऊन जा एकदा. नवशिकी, टेप कमी पडत असेल तर मी शनिवारी पुण्यात आहे.